आखाजीचे पत्ते, चिंचोके आणि पोकर : नव्याने शिकणाऱ्यांसाठी धागा

झोक्यावरची :

नमस्कार मंडळी. माझं माहेर अमळनेर तालुक्यातलं. अक्षय्य तृतीयेला आमच्या खान्देशात आखाजी म्हणतात, हे इथल्या बहुतेकांना माहीत असेल. सासुरवाशिणी माहेरी येतात, गौराई बसते, निंबाला झोके बांधतात, खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आमरस होतो. आणि रात्री पत्ते. वर्षभर पत्त्याला हात न लावणारी माणसंही त्या दोन-तीन रात्री ओट्यावर सतरंजी टाकून तीनपत्ती मांडतात.

आमच्या घरी मात्र अकरा वर्षं पत्ते बंद होते. मोठे काका एका आखाजीला कापसाचे आलेले पैसे झन्नामन्नात घालवून पहाटे घरी आले. आजी काही बोलली नाही. घरात होते ते दोन्ही कॅट उचलले आणि चुलीत घातले. त्यानंतर आमच्या ओट्यावर कुणी साधा झब्बूही खेळलं नाही.

मी पुण्यात नोकरीच्या ठिकाणी मैत्रिणींकडून पोकर शिकले. होल्डम म्हणतात तो प्रकार. पाच वर्षं झाली, कायम प्लास्टिकच्या चकत्यांवर, एक रुपयाही न लावता. मला हा खेळ मनापासून आवडतो आणि तो आपल्या आखाजीच्या रात्रीत बसावा असं फार दिवस मनात होतं. यंदा आजीला विचारलं. म्हटलं, पैसा नाही, चिंचोके. तिने जरा वेळ माझ्याकडे बघितलं आणि मग स्वतःच माळ्यावरचा चिंचोक्यांचा डबा काढायला सांगितला. चिंचोका म्हणजे एक, कवडी म्हणजे दहा, आणि पानं वाटण्याची पाळी ज्याची त्याच्यापुढे सुपारी, असं ठरलं.

पहिल्याच रात्री भांडण झालं. मधे उघडी पानं अशी : इस्पिक सत्ती, इस्पिक अठ्ठी, बदाम नव्वी, इस्पिक राणी, किलवर दुर्री. मामेभावाच्या हातात चौकट दश्शी आणि किलवर गुलाम, म्हणजे अठ्ठीपासून राणीपर्यंत सरळ सिक्वेन्स. आतेभावाच्या हातात इस्पिक राजा आणि इस्पिक चव्वी, म्हणजे पाच इस्पिक, कलर. मामेभावाने चिंचोके ओढायला हात घातला. तीनपत्तीत सिक्वेन्स कलरला मारते, हे आपल्याकडे पाचवीतल्या पोरालाही ठाऊक असतं. पोकरमध्ये उलटं आहे. मी सांगितलं तर म्हणे, "पुण्याचे नियम पुण्यात."

त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्या सगळ्यांसाठी हा धागा. तीनपत्ती येणाऱ्या माणसाला पोकर शिकताना कुठे ठेच लागते ते मी लिहिते, तुम्ही भर घाला.

आधी खेळ कसा चालतो ते. प्रत्येकाला दोन पानं, ती फक्त स्वतः बघायची. बोली. मग मधे तीन पानं उघडी, त्याला फ्लॉप म्हणतात. बोली. चौथं पान, टर्न. बोली. पाचवं, रिव्हर. शेवटची बोली. तुमची दोन आणि मधली पाच, अशा सातांतून सगळ्यांत चांगली पाच जुळवायची. पानं वाटणाऱ्याच्या डावीकडचा माणूस छोटा ब्लाइंड ठेवतो, त्याच्या पुढचा मोठा. आम्ही एक आणि दोन चिंचोके ठेवले. इथे पहिली ठेच : तीनपत्तीत ब्लाइंड म्हणजे पानं न बघता खेळणं. पोकरमध्ये ब्लाइंड म्हणजे पानं वाटण्याआधी ठेवायची सक्तीची रक्कम, पानं सगळेच बघतात.

दुसरी ठेच : चेक. तीनपत्तीत तुमची पाळी आली की चाल तरी करा नाहीतर पॅक व्हा. पोकरमध्ये तुमच्या आधी कुणी काही लावलं नसेल तर तुम्ही "चेक" म्हणून फुकट पुढचं पान बघू शकता. आमच्या ओट्यावर पहिला तासभर कुणी चेक म्हणायलाच तयार नव्हतं. काही न लावता बसून राहणं म्हणजे घाबरणं, असं आमच्या भावांना वाटायचं.

आणि मला सगळ्यांत जास्त सांगावंसं वाटतं ते हे : पोकर शिकणं म्हणजे आधी पानं टाकायला शिकणं. दहापैकी आठ वेळा तुमची दोन पानं टाकायच्याच लायकीची असतात. टाकणारा माणूस हरलेला नसतो.

नवखा_रावेर :

ताई, धागा वेळेवर काढला. मी गेल्या महिन्यापासून मोबाइलवर फुकटच्या चिप्सवर खेळतोय. कलर मोठा का, हे मला कुणी सांगितलं नाही, मी नुसतं पाठ केलं. शिवाय एकाच जातीची दोन पानं आली की मी ती कधीच टाकत नाही. किलवर नव्वी-तिर्री आली तरी खेळतो. चूक आहे का?

गणितमास्तर_धुळे :

कलर आणि सिक्वेन्सचं उत्तर मोजण्यात आहे, म्हणून मी उत्तर देतो. चौतीस वर्षं फळ्यावर हेच केलं.

बावन्न पानांतून तीन पानांचे एकूण २२,१०० डाव होतात. त्यांत साधी सिक्वेन्स ७२० वेळा येते आणि कलर १,०९६ वेळा. सिक्वेन्स दुर्मीळ, म्हणून ती मोठी. आता पाच पानं घ्या. एकूण डाव २५,९८,९६०. त्यांत साधी सिक्वेन्स १०,२०० वेळा आणि कलर ५,१०८ वेळा. इथे कलर निम्म्याने दुर्मीळ. म्हणून तो मोठा. नियम पुण्याचा नाही, बावन्न पानांचा आहे. मामेभावाला हे कागदावर करायला लावा, अर्ध्या तासात पटेल.

एक गोष्ट मला विद्यार्थ्यांना दाखवायला फार आवडायची. तीनपत्तीत ट्रेल, म्हणजे तीन सारखी पानं, सर्वांत मोठी धरतात. पण ट्रेल ५२ प्रकारे येते आणि प्युअर सिक्वेन्स, म्हणजे एकाच जातीची सिक्वेन्स, ४८ प्रकारे. म्हणजे मोजून बघितलं तर प्युअर सिक्वेन्स जास्त दुर्मीळ. परंपरेने ट्रेलला वर बसवलं आणि ते तसंच राहिलं. पोकरच्या पाच पानांच्या क्रमात असा अपवाद नाही. जे जितकं दुर्मीळ तितकं मोठं : सरळ कलर म्हणजे एकाच जातीची सिक्वेन्स, मग चार सारखी (६२४ वेळा), मग फुल हाउस म्हणजे तीन सारखी आणि एक जोडी (३,७४४), मग कलर, सिक्वेन्स, तीन सारखी, दोन जोड्या, एक जोडी आणि शेवटी नुसतं मोठं पान.

रावेरच्या भाऊंसाठी : दोन्ही पानं एका जातीची असली तर जिंकण्याची शक्यता साधारण तीन टक्क्यांनीच वाढते. नव्वी-तिर्री ही वाईट पानं आहेत. दोन्ही किलवर असली तरी ती जवळजवळ तितकीच वाईट राहतात.

तापीकाठचा :

भुसावळहून. आमच्याकडे रेल्वेच्या वसाहतीत मेंढीकोट फार चालायचा. तिथल्या सवयी पोकरला कामी येतात, उतरलेली पानं लक्षात ठेवणं वगैरे. पण एक सवय घातक ठरते. मेंढीकोटात जात महत्त्वाची, हुकूम महत्त्वाचा. पोकरमध्ये चारही जाती सारख्या. इस्पिकचा एक्का बदामच्या एक्क्यापेक्षा मोठा नाही. दोघांची पाचही पानं किमतीने सारखी निघाली तर पॉट, म्हणजे मधे जमलेलं सगळं, अर्धा-अर्धा वाटायचा. यावरून मी स्वतः वाद घातलेला आहे, म्हणून लिहितो.

आणि जोडीला जोड आली तर शेजारचं पान बघायचं. माझ्याकडे एक्का-नव्वी, समोरच्याकडे एक्का-राणी, मधे एक्का आला. दोघांची एक्क्याची जोडी. पण त्याची राणी माझ्या नव्वीवर भारी. मधली पानं फार मोठी निघाली नाहीत तर डाव त्याचाच. नवखा माणूस एक्का बघितला की हरखतो आणि त्याच्याबरोबरचं पान विसरतो. माझ्या सगळ्यांत जास्त काड्या (आम्ही काड्यापेटीतल्या काड्या लावायचो) या एका चुकीत गेल्या.

एक्का-दुर्री-तिर्रीबद्दलही. तीनपत्तीत बऱ्याच घरांत ती राजा-राणीच्या सिक्वेन्सखालोखाल धरतात. पोकरमध्ये एक्क्यापासून पंजीपर्यंतची सिक्वेन्स सर्वांत लहान.

मिरचीवाला_नंदुरबार :

मी पोकर दोन वर्षांपासून घरच्यांबरोबर खेळतो. बसायची जागा कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

आमच्या नंदुरबारच्या बाजार समितीत ओल्या लाल मिरचीचा लिलाव बघितला असेल तर हे लगेच कळेल. जो पहिला भाव बोलतो त्याला काहीच माहीत नसतं. कुणाला माल खरंच हवाय, कोण नुसता उभा आहे, आज बाहेरची मागणी किती आहे, काही नाही. जो शेवटपर्यंत थांबून बोलतो त्याने सगळ्यांचे चेहरे वाचलेले असतात. पोकरमध्ये सुपारी ज्याच्यापुढे, तो फ्लॉपनंतर दर वेळी शेवटी बोलतो. म्हणून तीच दोन पानं सुपारीवर खेळण्याजोगी असतात आणि मोठ्या ब्लाइंडच्या लगेच पुढच्या जागेवर टाकण्याजोगी. राजा-दश्शी घ्या. पहिल्या जागेवर मी ती डोळे झाकून टाकतो. सुपारीवर असेन आणि सगळ्यांनी पानं टाकलेली असतील तर वाढवतो.

लिलावात आणि यात फरक एवढाच की लिलावात माल सगळ्यांसमोर पडलेला असतो, मिरची हातात घेऊन बघता येते. इथे माल झाकलेला. म्हणून समोरचा किती लावतोय आणि कधी लावतोय, तेवढाच तुमचा माल.

नवखा_रावेर :

हे जागेचं मला माहीतच नव्हतं. मी सगळीकडून सारखंच खेळत होतो. आज रात्री नुसतं एवढंच बघून खेळतो.

झोक्यावरची :

मिरचीवाले दादा, फार चांगलं सांगितलंत. उद्या भावांना अशाच शब्दांत सांगते.

मास्तर, तुमचा प्रतिसाद मामेभावाला वाचून दाखवला. त्याने खरंच कागद घेतला. सिक्वेन्स मोजताना दोनदा चुकला, तिसऱ्यांदा १०,२०० वर आला. रात्री स्वतःहून म्हणाला, कालचे चिंचोके परत घे.

काल रात्रीचा एक डाव मांडते. यात मला स्वतःलाच थोडी शंका आहे.

मी सुपारीवर. हातात बदाम एक्का, बदाम छक्की. तीन जण खेळात. फ्लॉप : बदाम राजा, बदाम नव्वी, चौकट तिर्री. थोडी बोली झाली, एक जण गेला. टर्नला इस्पिक दुर्री. पॉटमध्ये साठ चिंचोके. मामा माझ्याआधी बोलले आणि त्यांनी दोन कवड्या लावल्या, म्हणजे वीस. मामा उगाच लावणारे नाहीत, त्यांच्याकडे एक्का-राजा, म्हणजे राजाची जोडी आहे असं मी धरलं. माझ्याकडे आत्ता काहीच नाही. रिव्हरला बदाम आला तरच मी जिंकते.

माझा हिशोब असा. मला वीस घालायचे, घातल्यावर पॉट शंभर होणार. म्हणजे पाचांत एकदा जरी बदाम आला तरी मी बरोबरीत. बदाम तेरा, चार दिसले, उरले नऊ. न दिसलेली पानं सेहेचाळीस. नऊ भागिले सेहेचाळीस, साडेएकोणीस टक्क्यांच्या किंचित वर. हवे होते वीस. म्हणजे अगदी काठावर, आणि काठाच्या अलीकडे. मी तरी घातले, कारण बदाम आला तर मामा आणखी थोडं देतील असं वाटलं. रिव्हरला आली किलवर अठ्ठी. गेले वीस.

भावाने लगेच ऐकवलं, "एवढा हिशोब केला आणि काय मिळालं?"

नवखा_रावेर :

ताई, एक विचारू? बाकी लोकांना पण दोन-दोन पानं वाटली होती. त्यांच्याकडे बदाम गेले असतील ना? मग नऊ कसे धरले?

गणितमास्तर_धुळे :

हा प्रश्न फार चांगला आहे. दर वर्षी वर्गात एक तरी मुलगा हा विचारायचा आणि मला त्या मुलाबद्दल आनंद व्हायचा.

समजा सेहेचाळीस पानं उलटी करून जमिनीवर पसरली आहेत. त्यांतली काही मामांच्या हातात आहेत, काही टाकलेली आहेत, काही कॅटमध्ये. तुम्हाला त्यांतलं एकही दिसत नाही. आता मी म्हणतो, त्यांतलं कुठलंही एक उचला. ते बदाम निघण्याची शक्यता किती? सेहेचाळिसात नऊ. ते पान कॅटच्या वरचं होतं की कुणाच्या हातातलं, याने तुमच्या उत्तरात फरक पडत नाही, कारण कुठे काय आहे हे तुम्हाला माहीतच नाही. कधी सगळे बदाम कॅटमध्ये असतील, कधी चार बाहेर गेलेले असतील. सरासरी तीच राहते.

डोक्यात झटपट करायचं असेल तर : जी पानं तुम्हाला तारतात ती मोजा. एक पान यायचं असेल तर दोनाने गुणा, दोन पानं यायची असतील तर चाराने. नऊ पानं असतील तर एका पानाला अठरा टक्के, दोन पानांना छत्तीस. खरे आकडे साडेएकोणीस आणि पस्तीस. ओट्यावर बसून एवढं पुरे. दोन्ही टोकांनी उघडी सिक्वेन्स असेल तर आठ पानं तारतात, मधलंच एक पान हवं असेल तर चारच.

आणि ताई, भावाला सांगा : वीस चिंचोके गेले म्हणून हिशोब चुकला असं होत नाही. पॉट साठचा असताना मामांनी दोनाऐवजी सहा कवड्या लावल्या असत्या तर साठ घालून एकशे ऐंशी मिळवायचे होते. तिसरा हिस्सा लागला असता. तेव्हा घातले असते आणि बदाम आलाही असता, तरी ती चूकच ठरली असती.

तापीकाठचा :

मास्तरांचं शेवटचं वाक्य मी लिहून घेतलं.

राजा-राजा जोडी घेऊन एक्का-एक्का जोडीसमोर बसलेला माणूसही शंभरात अठरा वेळा जिंकतो. एक्क्यांची जोडी हातात यायला सरासरी २२१ डाव लागतात. माणूस तासन्‌तास वाट बघतो, एकदाचे एक्के येतात, बरोबर खेळतो आणि हरतो. मग चिडतो, आणि पुढचे दहा डाव रागात खेळून उरलेलंही घालवतो. पहिल्या हरण्यावर आपला ताबा नसतो. पुढच्या दहांवर असतो.

मी एक वही ठेवतो. जिंकलो-हरलो लिहीत नाही. एवढंच लिहितो : जागा कुठली, पानं काय, किती लावायला लागले, का लावले. दुसऱ्या दिवशी चहा घेताना वाचतो. काल रात्रीची एक नोंद अशी : "दुसरी जागा. चौकट गुलाम, किलवर दश्शी. वाढवलं. का, आठवत नाही." हे "आठवत नाही" लिहिलं गेलं की मला कळतं की तिथे मी खेळत नव्हतो, नुसता बसलो होतो.

सावदेकरीण :

मी पण माहेरी आलेय, सावद्याला. आमच्याकडे बायका रात्री बदाम सात खेळतात आणि पुरुष बाहेर तीनपत्ती. तुमचा धागा वाचून आम्ही पाच जणींनी काल सुरुवात केली, शेंगदाण्यांवर. दोनदा पुन्हा मोजायला लागले, कारण धाकटी भाची खात होती.

मला लहान जोडीबद्दल विचारायचंय. छक्की-छक्की, चव्वी-चव्वी अशी जोडी आली की मला वाटतं आता जिंकले. पण फ्लॉपला राजा, राणी काहीतरी येतं आणि मी अडकते.

झोक्यावरची :

हातात जोडी येणं हेच सतरांत एकदा होतं, म्हणून ती मोठी वाटते. पण छोटी जोडी घेऊन फ्लॉप बघायचा तो तिसरी छक्की येते का हे बघायला. ती साडेआठ वेळांत एकदा येते. म्हणून स्वस्तात फ्लॉप बघता आला तर बघायचा. नाही आली आणि समोरून मोठी बोली आली, तर टाकायची, वाईट न वाटून घेता. आली तर मात्र समोरच्याला कल्पनाही नसते, कारण मधे एकच छक्की दिसत असते.

मला स्वतःला हे जमायला वर्ष गेलं. जोडी टाकताना हात जड होतो.

कापूसकोंडा :

मी बरेच दिवस इथे नुसता वाचत होतो. आज लिहितोय कारण नवखा_रावेर यांनी मोबाइल म्हटलं.

मीही फुकटच्या चिप्सवरच सुरू केलं होतं. मग एका ऑनलाइन ठिकाणी खऱ्या पैशांवर गेलो. पहिल्या आठवड्यात साडेतीन हजार जिंकलो. तेव्हा मी सगळीकडे ख्रिस मनीमेकर या अमेरिकन अकाउंटंटची गोष्ट सांगत होतो. ऑनलाइन छोट्याशा पात्रता स्पर्धेतून तो २००३ च्या लास वेगासच्या जागतिक स्पर्धेत गेला आणि पंचवीस लाख डॉलर जिंकला. गोष्ट खरी आहे. पण त्या स्पर्धेत ८३९ जण उतरले होते. मी बाकीच्या ८३८ जणांबद्दल एकदाही विचार केला नाही.

चार महिन्यांत एकेचाळीस हजार गेले. त्यातले बावीस हजार वडिलांनी ठिबकच्या नळ्यांसाठी दिलेले होते. खरं सांगतो, मला पोकर येत होतं. जागा, हिशोब, सगळं. पण रात्री दोन वाजता, हरल्यावर, एकट्याने, उशाशी मोबाइल धरून मी जे खेळत होतो ते पोकर नव्हतं. मी गेलेले पैसे परत आणायला खेळत होतो. वडिलांना सांगायला दोन महिने लागले. ते रागावले नाहीत. त्या वर्षी ठिबक झालं नाही, एवढंच.

ताई, तुमच्या काकांचं वाचलं आणि राहवलं नाही. चिंचोक्यांवरच राहू द्या.

झोक्यावरची :

दादा, तुम्ही लिहिलंत हे फार मोठं काम केलंत. मी हा प्रतिसाद काकांनाही वाचून दाखवला. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "त्या पोराले सांग, त्यानी सांगं ते बरं करं." काका स्वतः आजही पत्त्याला बसत नाहीत. पण यंदा पहिल्यांदाच ओट्यावर आमच्या बाजूला बाज टाकून पडले होते.

तापीकाठचा :

कापूसकोंडा, हिंमत लागते हे लिहायला.

बाकीच्यांसाठी कायद्याचंही लिहून ठेवतो. आपल्याकडे १८८७ चा जुगार प्रतिबंधक कायदा आहे, आखाजीला दर वर्षी धाडींच्या बातम्या त्याच्याच असतात. कौशल्याच्या खेळाला त्यात सूट आहे, आणि १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला. त्यामुळे पोकरचं काय, हा वाद बरीच वर्षं चालला. पण ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा नवा कायदा केला. पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ, कौशल्याचे असोत की नशिबाचे, चालवण्यावर आणि त्यांच्या जाहिरातीवर बंदी आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड. तेव्हा कुणी "हे कौशल्य आहे, चालतं" म्हणून लिंक पाठवली तर उघडूही नका.

नवखा_रावेर :

उघडणार नाही. वचन देतो.

माझा शेवटचा प्रश्न ब्लफचा. तीनपत्तीत मी ब्लाइंड खेळून लोकांना पळवतो. पोकरमध्ये तसं केलं तर लोक पळत नाहीत.

मिरचीवाला_नंदुरबार :

कारण मधली पाच पानं सगळ्यांना दिसतात. तुमची गोष्ट त्या पानांशी जुळायला हवी. फ्लॉपला गप्प, टर्नला गप्प आणि रिव्हरला दुर्री आल्यावर एकदम सगळं लावलं, तर समोरचा विचारणार की याला दुर्रीने असं काय दिलं? तेच, पहिल्यापासून वाढवत आलात, टर्नला तिसरं बदाम आलं आणि मोठं लावलंत, तर समोरच्याच्या मनात कलर आपोआप तयार होतो.

किती लावायचं याचाही हिशोब आहे. पॉट साठचा, तुम्ही तीस लावले, तर तीनांत एकदा समोरचा पळाला तरी तुम्ही बरोबरीत. तेवढा तो पळेल का? नेहमी सगळं बघायचंच असा हट्ट असलेल्या माणसाला ब्लफ करू नका. आमच्या घरी माझे सासरे तसे आहेत. त्यांना मी आजवर एकदाही ब्लफ केलेलं नाही, चांगली पानं आली की मात्र भरपूर लावतो.

नवख्याने शुद्ध हवेतला ब्लफ टाळावा. हातात नऊ बदामांची आशा आहे आणि वाढवलं, तर दोन रस्ते उघडे राहतात : समोरचा पळेल, किंवा बदाम येईल.

गणितमास्तर_धुळे :

ब्लफ म्हणजे लबाडी असं समजून नाक मुरडणारे मला बरेच भेटले, म्हणून एक सांगतो. १९२८ मध्ये जॉन फॉन नॉयमन या गणितज्ञाने खेळांच्या सिद्धांतावर निबंध लिहिला. पुढे त्याच सिद्धांतात त्याने पोकरचं साधं रूप घेऊन दाखवलं की अधूनमधून ब्लफ करणं हा योग्य खेळाचाच भाग आहे. जो फक्त चांगल्या पानांवर लावतो, त्याने लावलं की सगळे पळतात आणि त्याची चांगली पानंही वाया जातात. जानेवारी २०१७ मध्ये पिट्सबर्गला कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या लिब्रेटस या संगणकाने चार नामांकित खेळाडूंना १,२०,००० डावांत हरवलं. त्याला समोरच्याचा चेहरा दिसत नव्हता. तरी तो ब्लफ करत होता, आणि तेही मोजून.

सावदेकरीण :

आज मी छक्कीची जोडी टाकली. हात जड झाला, पण टाकली. जावेकडे राजे निघाले.

झोक्यावरची :

छान! आमची आज शेवटची रात्र होती, उद्या सकाळी पुण्याला निघायचंय.

आजी तीन रात्री दाराच्या उंबऱ्याशी बसून आमचे चिंचोके मोजायची. कुणी वाईट पानांवर अडकलं की तिथूनच म्हणायची, "टाकी दे, भाऊ." काल तिला म्हटलं, बस ना तू पण. आज जेवणं झाल्यावर ती खरंच सतरंजीवर येऊन बसली. डोळ्यांना चष्मा, पदर खोचलेला. पानं अगदी नाकाशी धरून बघायची आणि अलगद उलटी करून पुढे सरकवायची. टाकली. पुन्हा टाकली. सलग सात डाव तिने फ्लॉपसुद्धा बघितला नाही. भाऊ तिला चिडवायला लागले.

आठव्या डावाला सुपारी तिच्यापुढे होती. मामाने वाढवलं, मामेभावाने कॉल केलं, म्हणजे तेवढेच घातले, मी पण केलं. आजीने पानं बघितली, परत बघितली, आणि आपल्यापुढच्या सगळ्या कवड्या दोन्ही हातांनी मधे लोटल्या. कुणी काही बोलेना. मामाने बराच वेळ तिच्याकडे बघितलं आणि टाकलं. मामेभावाने टाकलं. माझ्याकडे राणीची जोडी होती. मी सात डाव आठवले आणि टाकली.

आजीने विचारलं, "दखाडनं पडस का?"

मी म्हटलं, नाही, सगळे पळाले तर दाखवायला लागत नाही.

तिने दोन्ही पानं उलटीच कॅटमध्ये सरकवली, कॅट मास्तरांसारखा नीट ठोकून सरळ केला आणि चिंचोके डब्यात भरायला घेतले. कॅट मात्र यंदा तिने देवघराखालच्या फडताळात ठेवलाय. आम्ही सगळ्यांनी विचारून बघितलं, पण तिची पानं काय होती ते तिने अजून सांगितलेलं नाही.